बावीस इंच

१

सकाळी दिवा लावून हात जोडले की मी हॉल पुसायला घेते. आधी खिडकीची चौकट, मग टीव्ही, मग फरशी. हॉल म्हणजे नावाचा हॉल, बारा पावलांत संपतो. पण पुसलेली फरशी वाळेपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकत नाही, आणि तेवढी दोन मिनिटं मी दारात नुसती उभी राहते. माझ्या दिवसातली तेवढीच काय ती माझी.

त्या दिवशी ती दोन मिनिटं मी भिंत मोजण्यात घालवली.

सोफा घ्यायचा होता. खिडकीच्या कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत जी लांब भिंत आहे, तिथे इतकी वर्षं सासूबाईंची लोखंडी खाट होती. मी त्यांना आईच म्हणते. खाट मोडकळीला आली म्हणून काढली, आणि आईंना महिनाभरासाठी, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात अशा एका ठिकाणी ठेवलं. ठरलं असं होतं की उघडला की पलंग होतो तसला सोफा घ्यायचा, आणि तो आला की आईंना परत आणायचं. आईंनी स्वतःची पिशवी स्वतः भरली. "महिना म्हणजे चार आठवडे ना?" एवढंच विचारलं, आणि चार बोटं दुमडून मुठीत धरली. जशी काही वाटेत सांडतील.

ह्यांनी खाट काढली त्या दिवशीच भिंत मोजून कागदावर लिहून ठेवलं होतं: एकशे आठ इंच.

मी घरी शिवणकाम करते, शेजारपाजारच्यांचे पडदे, उशांचे अभ्रे, असलंच सरळ शिवणीचं. माझ्या गळ्यात दिवसभर पिवळी टेप लोंबत असते. लेक मला डॉक्टरीणबाई म्हणते. "काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला का?" असं उसवलेल्या पडद्याकडे बघून विचारते. टेप साठ इंचांची. चौकटीपासून एकदा पूर्ण लावली, खडूने खूण केली, खूण धरून पुढे मोजलं तर सव्वीस. साठ आणि सव्वीस, शहाऐंशी.

पुन्हा मोजलं. शहाऐंशी. हात धुऊन, पुसून, तिसऱ्यांदा मोजलं. शहाऐंशीच.

टेप जुनी झाली की ताणली जाते आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते, हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पण कमी म्हणजे किती? इंचभर. फार तर दोन. बावीस इंच गिळणारी टेप मी पाहिली नव्हती.

उठताना एक गोष्ट दिसली. फरशी अजून सगळीकडे ओली होती, फक्त खिडकीच्या कोपऱ्यात एक तुकडा वाळला होता. उशीएवढा. तिथे ऊन येतं, मी मनाला सांगितलं.

तिथे ऊन येतं खरं. पण दुपारनंतर.

२

सोफ्याच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. सोफावाला स्वतःही गादी भरल्यासारखा होता, कानावर पेन्सिल, तोंडात अखंड गप्पा. "सोफा म्हणजे घरजावई बघा," तो म्हणाला. "एकदा आला की हलत नाही. म्हणून पारखून घ्या. घरात माणसं किती?"

"चार," हे म्हणाले.

"तीन," मी म्हणाले.

दोघं एकदम बोललो. त्यात माझाच आवाज जास्त मोठा निघाला.

"आई!" लेक केवढ्याने तरी ओरडली. "आजीला विसरलीस?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी वळून पाहिलं. "आत्ता घरात तीन आहोत, असं म्हणायचं होतं मला," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलून गेलेला शब्द काही गिळता येत नाही.

सोफावाल्याने वेळ मारून नेली. "अहो, भांडू नका. एका माणसाचा प्रश्न म्हणजे बावीस इंचांचा प्रश्न. माणूस काडी असो की कोठी, ऐसपैस बसायचं तर बावीस इंच धरायचे. आमच्या धंद्यात माणूस इंचांतच मोजतात."

बावीस.

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. टेप घरी ठेवून आले होते.

पलंग होणारा सोफा छान होता. ह्यांनी तो उघडून पाहिला, बंद करून पाहिला, वर झोपूनही पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, घोरू नका, लोक बघतायत." त्याला हातांसकट पंच्याण्णव इंच जागा लागत होती.

"बसतोय की," हे म्हणाले. "एकशे आठ आहे भिंत."

"शहाऐंशी आहे," मी म्हणाले. "मी तीनदा मोजली."

हे मला आजही लिहायला जड जातं, पण लिहिते. ते बोलताना मला बरं वाटलं. त्या चुकीच्या मापाची मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या मनात आलं ते असं, की आता मला 'नको' म्हणावं लागणार नाही, भिंतच 'नको' म्हणतेय.

"मी घरी येऊन मोजतो," सोफावाला म्हणाला. "शहाऐंशी निघाली तर साधा, तीन माणसांचा घ्या. चौऱ्याऐंशीत बसवून देतो."

"आणि आई?" ह्यांनी मला हळूच विचारलं.

"बघू," मी म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते ह्यांना माहीत आहे. ते रुमाल काढून कपाळ पुसत राहिले.

३

सोफावाला आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हे कामावर, लेक क्लासला. घरात मी एकटी. त्याला हॉलमध्ये सोडून मी पाणी आणायला आत गेले.

आतून पोलादी टेपचा आवाज ऐकू आला. सर्रर्र. मग थांबला. मग सोफावाल्याचा आवाज, दुकानातल्यासारखा मोठा नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतात तसा अदबीचा.

"असू दे, असू दे. उठू नका आजी. बसा. माझं इथपर्यंतच होतं."

माझ्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला होता.

फोनवर बोलत असेल, मी स्वतःला म्हणाले. लोक हल्ली चालता बोलता फोनवर असतात. बाहेर आले तर तो खाली वाकून वहीत आकडा लिहीत होता, आणि फोन त्याच्या खिशात होता. कोपरा रिकामा होता. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर पडलं होतं, खाली फरशीवर काही नव्हतं.

"शहाऐंशी," तो म्हणाला. "तुमचंच बरोबर."

"हे म्हणतात एकशे आठ."

"साहेबांनी भिंत मोजली असेल, वहिनी. मी जागा मोजतो. भिंत तेवढीच राहते हो, जागा थोडीच तेवढी राहते?"

पाणी पिऊन त्याने ग्लास दिला. निघताना दारात चप्पल घालता घालता कोपऱ्याकडे बघून हसला, मान लववली आणि मला हळू आवाजात म्हणाला, "आजी फार बोलत नाहीत वाटतं?"

मी काय सांगायला हवं होतं? की इथे कुणी आजी नाही. आमच्या आजीला आम्ही बाहेर ठेवलंय. म्हणजे तो विचारणार, कुठे? मग मी सांगणार. आणि मग तो त्याच अदबीने माझ्याकडे बघणार.

"त्यांना कमी ऐकू येतं," मी म्हणाले.

४

हे वाक्य मला तोंडपाठ होतं. पाहुणे आले आणि आईंना बोलवायला विसरलो की मी तेच म्हणायची. खरं तर आईंचे कान तिखट. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी कुठल्या डब्याचं ते सांगतील.

ऐकू न येणारी होते ती मी.

आईंना पाणी हवं असलं तर त्या हाक मारत नसत. कामात असलेल्या बाईला हाक मारू नये, म्हणायच्या. खिडकीच्या गजावर बांगडी वाजवायच्या. टक, टक. दोनदाच. पाणी पिऊन झालं की ग्लास उपडा ठेवायच्या, म्हणजे रिकामा आहे की भरलेला हे कुणाला वाकून बघायला नको. दुसऱ्याला त्रास नको म्हणून जन्मभर जपलेल्या असल्या दहा सवयी त्यांना होत्या.

आणि मी ती टक टक ऐकून न ऐकल्यासारखं करायची. रोज नाही. पण करायची. त्याचीही एक रीत असते. मान वर करायची नाही, आणि मुख्य म्हणजे हात थांबू द्यायचा नाही. हात थांबला की ऐकू आलंय हे कळतं. भाजी चिरत असले तर चिरत राहायची. तिसऱ्यांदा आई वाजवत नसत.

आता नवसाचं सांगते. ह्यांनाही तेव्हा माहीत नव्हता.

लेकीचा अभ्यास वाढला होता, तिला बसायला जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय पोटाशी घेऊन लिहायची, आणि माझ्या कढईचं तेल तिच्या वहीवर उडायचं. एका सकाळी मी देवापुढे बसले. म्हटलं, देवा, अकरा आठवडे एकवेळ जेवीन, मऊ आसनावर बसणार नाही, जमिनीवरच बसेन. पण या घरात एका माणसाची जागा होऊ दे.

मनात होतं, एका माणसाची जागा रिकामी होऊ दे. कुणाची, ते देवाला सांगायला नको होतं. पण 'रिकामी' हा शब्द ओठांशी आला आणि मला लाज वाटली. समोर दिवा जळत होता. मी तो शब्द गाळला. वाटलं, देवाला कळेल.

सातव्या आठवड्यात आईंच्या खाटेचा पाय मोडला, आणि ह्यांच्याच तोंडून निघालं, महिनाभर कुठेतरी ठेवूया का? मी देवापुढे जास्तीची वात लावली. सोफावाला भिंत मोजून गेला तेव्हा नवसाचा नववा आठवडा चालू होता.

तो गेल्यावर मी आईंच्या तिथे फोन केला. तिथल्या देखभालीच्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. "जेवतात हो, औषधं घेतात. फक्त झोपत नाहीत. बघावं तेव्हा जाग्याच. उशाशी पिशवी भरून ठेवलीय."

"काही म्हणतात का?"

बाई हसल्या. "म्हाताऱ्या माणसांचं काय घेऊन बसलात. म्हणतात, घरी माझ्या जागेवर कुणीतरी बसलंय. ती उठली की मी जाईन."

ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते भर दुपारी पडलं. मला वाटलं, त्या मलाच म्हणतायत.

५

सोफा आला राखाडी रंगाचा. पोहोचवायला आलेल्या दोघांनी तो लिफ्टमध्ये उभा घातला, तेव्हा लेक म्हणाली, "घरजावई उभ्याने आले." त्यांनी तो दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला आणि गेले.

हे बघतच राहिले. सोफा चौऱ्याऐंशीचा, मापात एक इंचही चूक नाही. आणि पलीकडे, सोफ्याचा हात आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये, चांगली दोन फुटांची मोकळी जागा उरली होती.

ह्यांनी पोलादी टेप आणून भिंत मोजली. एकशे आठ.

"तू आणि तो सोफावाला एकाच गिरणीचं पीठ खाता की काय?" ते म्हणाले. हसत हसत म्हणाले, पण म्हणता म्हणता हसू विरून गेलं. "अगं, पंच्याण्णवचा आरामात बसला असता. आईचा पलंग बसला असता."

मी गळ्यातली टेप काढून त्यांच्यासमोर मोजलं. एकशे आठ. माझ्या टेपनेही, एकशे आठ.

त्यांनी मला खोटारडी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते नुसते त्या उरलेल्या जागेकडे बघत उभे राहिले, आणि मी माझ्या पायांकडे.

"सरकवू का खिडकीकडे?" शेवटी ते म्हणाले, आणि सोफ्याला खांदा दिला. सोफा तसूभर हलला आणि थांबला. भिंतीला लागून थांबतो तसा नाही. दारातून कुणी येत असताना आपण दार लावायला जावं आणि ते मऊसर थांबावं, तसा. ते मागे झाले. "राहू दे," म्हणाले. "फरशी उंचसखल असेल."

लेक उडी मारून सोफ्यावर खिडकीच्या बाजूला बसली. मोबाइल काढला. थोड्या वेळाने पाय वर घेतले. मग सरकत सरकत मधल्या जागेवर आली, मग दाराकडच्या.

"तिकडे वारा येतो, तिकडे का नाही बसत?" मी विचारलं.

"कोण जाणे." तिने मान वरसुद्धा केली नाही. "तिकडे गर्दी वाटते."

मी खाली फरशीवर बसले होते. नेम संपायला अजून दिवस होते. त्या बाजूला पाठ करून बसले, आणि सबंध संध्याकाळ माझी पाठ शेकत राहिली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडद्याची कड दुमडून शिवत होते. मशीन स्वयंपाकघरात असतं, दाराशी. तिथून हॉल अर्धा दिसतो. सोफा दिसतो, कोपरा नाही.

टक. टक.

माझी मान वर झाली नाही. हात थांबला नाही. मशीन चालतच राहिलं. इतक्या वर्षांची सवय, ती हातातच मुरलेली. आणि मग माझ्याच लक्षात आलं की मी काय करतेय, आणि कपाळापासून कानापर्यंत तापले. घरात कुणी नव्हतं. कुणी बघत नव्हतं. तरी मी न ऐकल्याचं सोंग करत होते. कुणासमोर?

कबुतर असेल, मी म्हणाले. पडद्याची कडी गजावर आपटत असेल. पण पडदा तर माझ्या मांडीवर होता.

टक. टक.

आवाज बांगडीचा नव्हता. बांगडी जाड वाजते. हा पातळ होता, पत्र्याच्या तुकड्याचा असावा तसा.

मी उठले. ग्लास भरला. खाली बघत हॉलमध्ये गेले, सोफ्याच्या हातापलीकडे वाकून ग्लास जमिनीवर ठेवला आणि उलट्या पावली परत आले. "आई, पाणी," असं म्हणाले बहुतेक. जनाची नाही तर मनाची असावी, एवढंच त्या वेळी मनात होतं. ज्या इथे नव्हत्या त्यांना मी त्या दिवशी लगेच पाणी नेऊन दिलं. इथे होत्या तेव्हा नाही.

दहा मिनिटांनी गेले. ग्लास रिकामा होता.

मी तो उचलला आणि मला हुंदका आला, भीतीचा नाही, कसला ते सांगता येत नाही. आईच होत्या. देह तिथे असला तरी जीव इथे होता. चार बोटं मुठीत धरून. मी पदराने डोळे पुसले, आणि मग हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

ग्लास सरळ ठेवलेला होता.

आई ग्लास उपडा ठेवतात. कधी चुकत नाहीत. आमच्या घरात ग्लास सरळ ठेवून उठणारी एकच बाई आहे.

७

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. नवस, गाळलेला शब्द, टक टक. कोपऱ्याचं मात्र जेमतेमच सांगितलं, त्यांना ते म्हणजे मनाचे खेळ वाटले असते. मलाही तेच वाटायला हवं होतं.

ते सोफ्याच्या टोकाला बसून ऐकत होते. मी खाली. बोलून झाल्यावर वाटलं, आता हे उठून जातील.

"तू निदान देवाकडे मागितलंस," ते म्हणाले. "तुला लाज तरी वाटली. मी तिला तिथे सोडून आलो तेव्हा गाडीत गाणी लावली होती." थोड्या वेळाने म्हणाले, "दुकानात चार म्हणालो ना मी? मनात मोजून म्हणालो. तोंडाशी तीनच आलं होतं."

 मग लेक आतून म्हणाली, "आजीला आणणार असाल तर मी माझी उशी देते. तिला पातळ लागते." तिने सगळं ऐकलं होतं. तिचे कानही आजीसारखेच तिखट.

मला हलकं वाटलं. वाटलं, एवढंच होतं. देवाने जागा करून ठेवली होती, आईंच्याच साठी, माझ्याकडून उलटं मागून घेऊन सुलटं दिलं. आई आल्या की तिथे त्यांची खुर्ची ठेवू. रात्री सोफ्यावर झोपतील, त्या आहेतच केवढ्याशा. कोपरा भरला की सगळं शांत होईल. मी देवापुढे बसले आणि पहिल्यांदा न अडखळता हात जोडले.

८

आईंना आणलं तो माझ्या नेमाचा शेवटचा दिवस होता.

लिफ्टमधून त्या माझा हात धरून आल्या. दारात मूठ उघडून बोटं दाखवली. "चार झाले?"

"अजून दोन दिवस आहेत, आई."

"मग लवकर आणलंत," त्या म्हणाल्या, एवढ्या खुशीत की मला दाराची चौकट धरावी लागली.

त्यांनी सोफ्यावर हात फिरवला. "मऊ आहे गं. मला सोसेल ना?" मी म्हणाले, "आई, खिडकीपाशी तुमची जागा तशीच मोकळी ठेवलीय. आता खुर्ची आणून ठेवते. चला, बघा."

त्या माझा हात सोडून सोफ्याला वळसा घालून गेल्या, आणि कोपऱ्याच्या हातभर अलीकडे थांबल्या. अंगावरची शाल दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली, दाटीत कुणाला आपला धक्का लागू नये म्हणून ओढतात तशी.

"अजून बसलीच आहेस होय?" त्या प्रेमाने म्हणाल्या. "असू दे. उठू नकोस. बस तू."

आणि परत येऊन सोफ्यावर टेकल्या.

आई परक्या माणसाला कधीच 'तू' म्हणत नाहीत. भाजीवालीलाही नाही. 'तू' म्हणतात त्या फक्त घरातल्यांना.

"कोण आहे, आई?" मी विचारलं. 

"मला मेलीला नीट कुठे दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण दमलीय बिचारी. पाणी देत जा गं तिला." आणि लेकीने आणलेल्या पातळ उशीवर डोकं ठेवून, इतके दिवस न झोपलेल्या त्या, दोन श्वासांत झोपल्या.

दुपार होती. हे खुर्ची आणायला स्वयंपाकघरात गेले होते. मी सोफ्यासमोर जमिनीवर बसले होते, टीव्हीकडे तोंड करून, कारण त्या बाजूला बघायचं नव्हतं. टीव्ही बंद होता. पण बंद टीव्हीची काच काळी असते, आणि काळ्या काचेत मागचं सगळं दिसतं. सोफा दिसत होता. आई झोपलेल्या दिसत होत्या. लेक त्यांच्या पायाशी बसून मोबाइल चाळत होती. आणि सोफ्याच्या हातापलीकडे, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेतलेलं कुणीतरी. वाकलेलं. पिकलेल्या केसांचं. एक हात वर, खिडकीच्या गजाकडे. चेहरा होता तिथे काच काळीच राहिली, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण गळ्यात काहीतरी पिवळं लोंबत होतं, आणि त्याचं पत्र्याचं टोक त्या हाताने चिमटीत धरलं होतं.

मी माझ्या गळ्याला हात लावला. माझी टेप माझ्या गळ्यात होती.

एका माणसाची जागा. मी कुणाची ते सांगितलं नव्हतं.

टक. टक.

आई झोपेत होत्या. मी वळले, कोपऱ्याकडे नाही, लेकीकडे. ती माझी मुलगी. मला एक आशा होती, वेडी असेल, पण होती.

"बाळा," मी म्हणाले, "काही ऐकू आलं का गं?"

"नाही," लेक म्हणाली. मान वर केली नाही.

पण मी तिच्या हाताकडे बघत होते. मोबाइलवरून फिरणारा तिचा अंगठा थांबला होता. पापणी लवण्याएवढाच. मग तो पुन्हा चालू लागला.